पायथनच्या लॉगिंगमधली मेमरी गळती कशी तपासायची

सर्व्हिस सुरू होताना १२० एमबी घेते, आठवड्याने ४०० एमबी, आणि एका रात्री ऑपरेटिंग सिस्टिमच तिला मारून टाकते. अशी तक्रार आली की पहिला संशय डेटाबेसवर जातो, मग वेब फ्रेमवर्कवर. लॉगिंगकडे सहसा सगळ्यात शेवटी लक्ष जातं. खरं तर पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत वस्तू मुद्दाम जन्मभर धरून ठेवणारी जी थोडी मॉड्यूल आहेत, त्यात 'लॉगिंग' आहे. विनय साजिप यांनी लिहिलेलं हे मॉड्यूल २००३ मध्ये पायथन २.३ बरोबर आलं. तेव्हापासून त्याचा नियम एकच आहे: एकदा नाव देऊन लॉगर मागितला की तो प्रोसेस संपेपर्यंत राहतो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण ती माहीत नसेल तर गळती आपणच तयार करतो आणि दोष लायब्ररीला देतो.

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीच्या कॉलेजांतून बाहेर पडून नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. पायथन येतं, लॉगिंग वापरलंय, पण गळती 'सिद्ध' कशी करायची हे कोणी शिकवलेलं नाही, असं धरून चाललो आहे.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. लातूरच्या आडत बाजारासाठी सोयाबीनच्या पट्ट्या करणारी सर्व्हिस आहे. शेतकऱ्याचा माल आला, सौदा झाला, वजन झालं, की हिशोब करून पट्टी निघते आणि प्रत्येक टप्प्याची नोंद लॉगमध्ये जाते. एक पट्टी म्हणजे एक फेरी. हंगामात दिवसाला ५०,००० पट्ट्या धरा. एका फेरीला फक्त १ किलोबाइट मागे राहिला तरी दिवसाला जवळपास ५० एमबी होतात, म्हणजे ५१२ एमबीचा कंटेनर दहा दिवसांच्या आत भरतो.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. 'अंडरस्कोर' असं लिहिलंय तिथे ते चिन्ह घालायचं.

## काय काय लागेल

- पायथन ३.९ किंवा पुढचं. लिनक्स असेल तर उत्तम, विंडोजवरही बहुतेक पायऱ्या चालतात.
- स्टँडर्ड लायब्ररीतले जीसी, वीकरेफ, सिस आणि ट्रेसमॅलॉक. निम्म्याहून जास्त काम यांवरच होतं, म्हणून नेट नसलं तरी अडत नाही.
- पिपने घ्यायची दोन पॅकेजं: ऑब्जग्राफ आणि पीएसयूटिल. ऑब्जग्राफची चित्रं काढायची असतील तर ग्राफव्हिझ वेगळं बसवावं लागतं.
- चाचणी पायटेस्टने चालवणार असाल तर पायटेस्ट. त्याचा एक मोठा सापळा आठव्या पायरीत आहे.
- वही. फेऱ्यांची संख्या आणि समोर आलेला आकडा प्रत्येक वेळी लिहून ठेवायचा. डोक्यात ठेवलेले आकडे दुसऱ्या दिवशी बदलतात.

## १. लॉगिंग काय धरून ठेवतं ते आधी समजून घ्या

पायथनमध्ये मेमरी हाताने सोडावी लागत नाही. वस्तूकडे बोट दाखवणारं कोणी उरलं नाही की ती जाते, आणि एकमेकांना धरून बसलेल्या वस्तूंचं चक्र गार्बेज कलेक्टर मोडतो. म्हणून इथे गळतीचा अर्थ एवढाच: काम संपलं, तरी कोणीतरी अजून धरून ठेवलंय. शोधायचा असतो तो धरणारा.

लॉगिंगमध्ये धरणारे मोजकेच आहेत.

पहिला लॉगरडिक्ट. रूट लॉगरच्या मॅनेजरमध्ये ही डिक्शनरी असते आणि गेटलॉगरने मागितलेलं प्रत्येक नाव तिच्यात जातं. तिथून काढून टाकायची अधिकृत सोयच नाही. टिंबं असलेलं नाव दिलं, उदाहरणार्थ 'आडत.पट्टी.हिशोब', आणि 'आडत' किंवा 'आडत.पट्टी' हे लॉगर आधी नसले, तर त्यांच्या जागी प्लेसहोल्डर वस्तूही तयार होतात.

दुसरा लॉगरची हँडलर यादी. अ‍ॅडहँडलर केलं की लॉगर त्या हँडलरला घट्ट धरतो. लॉगर अमर, म्हणून हँडलरही अमर. फिल्टरची यादीही अशीच वागते.

तिसरा हँडलरच्या पोटातला साठा: बफर, रांग, मेमरीतली स्ट्रीम.

चौथा रेकॉर्ड. लॉगची प्रत्येक ओळ म्हणजे एक लॉगरेकॉर्ड. त्यात संदेशाला दिलेले आर्ग्युमेंट असतात, आणि एक्सेप्शन असेल तर त्याचा ट्रेसबॅक. ट्रेसबॅक फ्रेमला धरतो आणि फ्रेम त्या फंक्शनच्या सगळ्या लोकल व्हेरिएबलना. एरवी ओळ लिहून झाली की रेकॉर्ड मरतो. पण तो एक रेकॉर्ड कोणी साठवला, तर त्याच्यामागे अख्खा बारदाना राहतो.

मॉड्यूलच्या पातळीवर 'अंडरस्कोर हँडलरलिस्ट' नावाची आणखी एक यादी आहे. नवखे बहुतेक वेळा हिलाच आरोपी ठरवतात. तिच्यात फक्त वीक रेफरन्स असतात, म्हणून ती कोणाला जिवंत ठेवत नाही. उलट ती कामाची आहे: हँडलर मेला की त्याची नोंद तिथून आपोआप जाते, म्हणून यादीची लांबी म्हणजे सध्या जिवंत असलेले हँडलर. मॉड्यूल आयात करताच ती १ असते, कारण शेवटचा उपाय म्हणून ठेवलेला एक हँडलर लायब्ररी स्वतःच तयार करते. मात्र डिक्टकॉन्फिग चालवलं की ही यादी रिकामी केली जाते. त्याआधीचे हँडलर एखाद्या लॉगरला चिकटून राहिले असले तरी त्यानंतर ते मोजणीत दिसत नाहीत.

## २. फेरी वेगळी काढा

पूर्ण सर्व्हिस चालवून गळती शोधू नका. एक पट्टी करणारं, आर्ग्युमेंट न घेणारं छोटं फंक्शन लिहा. प्रत्यक्षात लॉगिंग जसं वापरलंय तसंच त्यात असू द्या, पण डेटाबेस आणि नेटवर्क काढून खोटी ठरावीक माहिती घाला. फंक्शनने काहीही परत देऊ नये आणि बाहेरच्या कुठल्याही यादीत काही टाकू नये.

सोबत दुसरं फंक्शन लिहा: तेच काम, पण लॉगिंगच्या ओळी काढलेल्या. हे कंट्रोल. दोन्ही वाढत असतील तर गळती लॉगिंगची नाही, आणि तुमचे दोन दिवस वाचले.

चाचणीत लॉगचं आउटपुट स्क्रीनवर सोडू नका. नलहँडलर लावला तर मात्र फॉरमॅटर चालतच नाही, आणि फॉरमॅटरमधली गळती हुकते. म्हणून स्ट्रीमहँडलर घ्या आणि त्याची स्ट्रीम देव-नल फाइलकडे वळवा. ओळ पूर्ण तयार होते, फक्त कुठे साठत नाही.

## ३. आधी तापवून घ्या

पहिल्या काही फेऱ्यांत मेमरी वाढणारच. मॉड्यूल आयात होतात, रेग्युलर एक्सप्रेशन कॅश होतात, लॉगरची लेव्हल-कॅश भरते. पहिल्यांदा एक्सेप्शन लॉग झाला की ट्रेसबॅक छापायला लाइनकॅश त्या सोर्स फाइलच्या ओळी मेमरीत आणतं आणि ठेवून देतं. हे सगळं एकदाच होतं.

जायकवाडीच्या आकड्यांची सवय असलेल्याला हे लगेच कळेल. धरणाच्या २,९०९ दशलक्ष घनमीटरपैकी ७३८ हा मृत साठा असतो. तो खाली राहणारच, त्यावरून कोणी विसर्गाचा हिशोब करत नाही. तसंच इथे. मोजणीआधी किमान २०० फेऱ्या चालवा, आणि त्यात एक्सेप्शन येणारी फेरीही असू द्या. त्यानंतर जीसी.कलेक्ट दोनदा बोलवा. दोनदा अशासाठी, की पहिल्या सफाईत चालणारे फायनलायझर आणि कॉलबॅक कधीकधी आणखी वस्तू मोकळ्या करतात. या वेळचा आकडा तुमची शून्य रेषा.

## ४. वाढीचा उतार मोजा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ते 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच आकडे घेतात आणि नंतरचा मोठा दिसला की गळती जाहीर करतात. दोन आकड्यांनी काहीही सिद्ध होत नाही. तीन मोजण्या घ्या: १,००० फेऱ्या, २,००० फेऱ्या, ४,००० फेऱ्या. प्रत्येक मोजणी नव्या प्रोसेसमध्ये आणि तापवून घेतल्यानंतर.

मोजायला सिस मॉड्यूलमधलं गेटअलोकेटेडब्लॉक्स वापरा. पायथनने सध्या घेतलेले मेमरीचे ब्लॉक, म्हणजे तुकडे, किती आहेत ते हे सांगतं. ते साध्या पायथनमध्येही चालतं, डीबग बिल्ड लागत नाही. फेऱ्यांच्या आधीचा आकडा, फेऱ्या, जीसी.कलेक्ट, नंतरचा आकडा, मग फरकाला फेऱ्यांच्या संख्येने भागा.

- फेऱ्या दुप्पट केल्यावर फरकही दुप्पट होतो आणि भागाकार तिन्ही वेळा सारखाच येतो: गळती आहे.
- फरक तिन्ही वेळा साधारण तेवढाच राहतो: कॅश आहे, गळती नाही.
- फरक वाढतो, थांबतो, पुन्हा वाढतो: बफर आहे. त्याची क्षमता किती ते बघा आणि क्षमतेच्या किमान दहा पट फेऱ्या चालवा.

लक्षात ठेवण्यासारखी एक खूण आहे. खऱ्या गळतीत भागाकार पूर्णांकाच्या जवळपास येतो. प्रत्येक फेरी त्याच त्या वस्तू मागे सोडत असल्याने एका फेरीला ५ ब्लॉक, ७ ब्लॉक असा आकडा दिसतो. ०.००३ असं काही आलं तर तो डिक्शनरीच्या आतल्या वाढीचा किंवा तापवणं कमी पडल्याचा आवाज, म्हणजे मोजणीतला किरकोळ चढउतार, आहे.

या मापाला एक आंधळा कोपरा आहे. हे फंक्शन ब्लॉकची संख्या मोजतं, त्यांचा आकार नाही. स्ट्रिंगआयओमध्ये फुगत जाणारं एकच मोठं बफर यात दिसत नाही. म्हणून तीच मोजणी ट्रेसमॅलॉकच्या गेटट्रेस्डमेमरीनेही करा. ते बाइटमध्ये दोन आकडे देतं, सध्याचा आणि सर्वोच्च. आपल्याला पहिला हवा.

## ५. जागा शोधा: ट्रेसमॅलॉक

गळती आहे हे ठरल्यावरच ही पायरी. ट्रेसमॅलॉक पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून सोबतच येतं. प्रत्येक वाटप कोणत्या ओळीने केलं हे ते लिहून ठेवतं.

क्रम असा:

१. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, लॉगिंग आयात करण्याआधी, स्टार्ट बोलवा आणि कंसात १० द्या.
२. तापवून घ्या, जीसी.कलेक्ट, पहिला स्नॅपशॉट.
३. २,००० फेऱ्या, जीसी.कलेक्ट, दुसरा स्नॅपशॉट.
४. दोन्ही स्नॅपशॉटमधून ट्रेसमॅलॉकची स्वतःची फाइल फिल्टरने वगळा. नाहीतर पहिल्या स्नॅपशॉटने घेतलेली मेमरीच यादीत वर येते.
५. दुसऱ्यावर कंपेअर-टू चालवा, आधी 'लाइन नंबर' प्रमाणे. वरच्या दहा ओळी बघा. कुठल्या ओळीची संख्या बरोबर २,००० किंवा तिच्या पटीत वाढली ते शोधा.
६. मग तीच तुलना 'ट्रेसबॅक' प्रमाणे करा.

सुरुवातीला १० का द्यायचे? काहीच दिलं नाही तर ट्रेसमॅलॉक एकच फ्रेम ठेवतं. मग यादीत सगळ्यात वर लॉगिंग मॉड्यूलचीच फाइल येते, कारण लॉगर वस्तू तयार करणारी ओळ खरोखरच तिथे आहे. नवखा माणूस 'लायब्ररी गळते' असं ठरवून तक्रार लिहायला बसतो. १० फ्रेम ठेवल्या की त्या ओळीला बोलावणारी तुमच्या पट्टीच्या फंक्शनमधली ओळ दिसते. पण २५-३० च्या पुढे जाऊ नका. प्रत्येक फ्रेमला मेमरी आणि वेळ लागतो, आणि ४ जीबीच्या लॅपटॉपवर चाचणीच अडकते.

वाटप करणारा आणि धरणारा हे वेगवेगळे असतात हेही विसरू नका. ट्रेसमॅलॉक जन्माची जागा सांगतं. वस्तू आज कोणाच्या घरात आहे, ते पुढची पायरी सांगते.

चाचणी तासन्‌तास चालणार असेल आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल, तर प्रत्येक स्नॅपशॉट डंप करून फाइलमध्ये ठेवा आणि नंतर लोड करून तुलना करा. ही फाइल पिकल स्वरूपात असते आणि लोड करताना तिच्यात लपवलेला कोड चालू शकतो, त्यामुळे अनोळखी माणसाने पाठवलेली उघडू नका.

## ६. धरणारा शोधा

वीकरेफची चाचणी. गळती तपासायची सगळ्यात स्वच्छ पद्धत हीच. हँडलर तयार करा, त्याचा वीक रेफरन्स घ्या, लॉगरला लावा, एक ओळ लॉग करा. मग रिमूव्हहँडलर, क्लोज, व्हेरिएबल डिलीट, जीसी.कलेक्ट. आता वीक रेफरन्स बोलवल्यावर 'नन' आलं पाहिजे. आलं नाही, तर कोणीतरी हँडलर धरलाय.

लॉगला दिलेल्या मालासाठीही तेच करा. पट्टी नावाचा छोटा क्लास करा, त्याची वस्तू संदेशाच्या आर्ग्युमेंटमध्ये द्या, लॉग झाल्यावर ती मरते का बघा. इथे साधी डिक्शनरी किंवा लिस्ट वापरू नका. त्यांचा वीक रेफरन्स होतच नाही, टाइपएरर येतो.

चाचणी खोटी ठरवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये शेवटचं उत्तर अंडरस्कोर नावाच्या व्हेरिएबलमध्ये राहतं आणि वस्तू जिवंत ठेवतं, म्हणून ही चाचणी शेलमध्ये न करता फाइलमध्ये करा. शेलमध्ये न पकडलेला एक्सेप्शन आला असेल तर सिस मॉड्यूल शेवटचा ट्रेसबॅक सांभाळून ठेवतं. आणि तुमच्याच फंक्शनमधलं एखादं विसरलेलं व्हेरिएबल, विशेषतः फॉर लूपचं, लूप संपल्यावरही शेवटच्या वस्तूला धरून असतं.

साखळी काढा. जीसी.गेटरेफरर्स थेट धरणारे सांगतं, पण त्यात तुमची स्वतःची फ्रेमही येते आणि गोंधळ होतो. ऑब्जग्राफचं फाइंडबॅकरेफचेन जास्त सोपं पडतं. त्याला वस्तू आणि 'इज प्रॉपर मॉड्यूल' ही अट द्या, मॉड्यूलपासून वस्तूपर्यंतचा रस्ता मिळतो. लॉगिंग मॉड्यूल, मग मॅनेजर, लॉगरडिक्ट, लॉगर, हँडलर यादी आणि शेवटी तुमचा हँडलर अशी साखळी दिसली की तपास संपला.

ऑब्जग्राफचं शोग्रोथ वापरत असाल तर पहिल्या वेळचं उत्तर सोडून द्या. ते आधीच्या बोलावण्यापासूनची वाढ दाखवतं, आणि पहिल्या वेळी 'आधी' काहीच नसतं.

## ७. नेहमी सापडणाऱ्या गळत्या

निम्मा वेळ इथेच द्या. लॉगिंगच्या तक्रारींतलं बहुतेक सगळं यात बसतं.

प्रत्येक पट्टीला नवा लॉगर. गेटलॉगरला पट्टीचा नंबर जोडून नाव द्यायचा मोह फार होतो, कारण मग लॉगमध्ये नंबर आपोआप दिसतो. ५०,००० पट्ट्या म्हणजे ५०,००० लॉगर, आणि एकही जाणार नाही. तपासणी सोपी आहे: लॉगरडिक्टची लांबी फेऱ्यांच्या आधी आणि नंतर छापा. उपाय: मॉड्यूलमागे एकच लॉगर, आणि नंबर लॉगरअ‍ॅडॅप्टरमधून द्या. अ‍ॅडॅप्टर कुठेही नोंदला जात नाही, काम झालं की जातो. असिंक कोड असेल तर कॉन्टेक्स्टव्हार आणि एकच कायमचा फिल्टर. लॉगरडिक्टमधून हाताने नोंदी उडवण्याच्या भानगडीत पडू नका. मुलांच्या लॉगरकडे आईबापाचा रेफरन्स राहतो, प्लेसहोल्डर राहतात, आणि पुढे त्याच नावाने दुसराच लॉगर तयार होतो.

फंक्शनच्या आत अ‍ॅडहँडलर. लॉगर तोच, पण प्रत्येक फेरीत नवा हँडलर. तीच वस्तू दुसऱ्यांदा लावली तर अ‍ॅडहँडलर ती नाकारतो, पण तशाच सेटिंगची नवी वस्तू त्याला वेगळीच वाटते. लक्षण उघड असतं: पहिल्या पट्टीला एक ओळ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. १०० पट्ट्यांना १०० च्या जागी ५,०५० ओळी. मेमरीच्या आधी डिस्क भरते. 'हँडलर असतील तर लावू नका' अशी अट घालून बरेच जण सुटका करून घेतात. ते चालतं, पण हँडलर प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच लावणं हाच खरा उपाय.

अर्धवट सफाई. रिमूव्हहँडलर फक्त यादीतून काढतं, फाइल बंद करत नाही. क्लोज फक्त फाइल बंद करतं, यादीतून काढत नाही. दोन्ही लागतात, याच क्रमाने. फक्त क्लोज केलं तर काय होतं ते बघण्यासारखं आहे: फाइलहँडलर मूळ 'अपेंड' मोडमध्ये असेल तर पुढची ओळ येताच तो बंद केलेली फाइल पुन्हा उघडतो. बंद केली म्हणून तुम्ही निश्चिंत, आणि फाइल उघडीच.

टार्गेट नसलेला मेमरीहँडलर. हा रेकॉर्ड बफरमध्ये जमवतो आणि क्षमता भरली किंवा एरर आला की टार्गेट हँडलरकडे सोडतो. टार्गेट दिलं नाही, किंवा सेटटार्गेटने नंतर 'नन' केलं, तर फ्लश होतं पण बफर रिकामं होत नाही. आवक चालू, दरवाजे बंद. क्षमता १०० असली तरी बफर हजारांत जातं. क्षमता ही मर्यादा नाही, ती फ्लश कधी करायचं याची खूण आहे. चाचणीत बफरची लांबी थेट छापून बघा.

अमर्याद रांग. क्यूहँडलरला उणे एक आकाराची रांग देणं सगळीकडे दिसतं. रांग रिकामी करणारा क्यूलिसनर सुरूच केला नाही, मध्येच मेला, किंवा डिस्क संथ असल्याने मागे पडला, तर रेकॉर्ड साठत जातात. लिसनर मुद्दाम न सुरू करता २,००० फेऱ्या चालवा आणि रांगेचा आकार बघा. मर्यादा घातली, समजा १०,०००, तर मेमरी वाचते पण रांग भरल्यावर येणारी ओळ हरवते आणि एररस्ट्रीमवर तक्रार छापली जाते. पैशांच्या हिशोबाच्या नोंदी त्या रांगेतून जात असतील तर हा निर्णय टीमने बसून घ्यायचा असतो, एकट्याने नाही.

साठवलेले एक्सेप्शन. 'शेवटचे १०० एरर अ‍ॅडमिन पानावर दाखवा' अशी मागणी आली की कोणीतरी स्वतःचा हँडलर लिहून रेकॉर्ड १०० मर्यादेच्या डेकमध्ये ठेवतो. संख्या मर्यादित आहे, मेमरी नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या ट्रेसबॅकमागे त्या वेळच्या फ्रेम असतात, आणि एका फ्रेममध्ये दिवसभराच्या पट्ट्यांचा डेटाफ्रेम असू शकतो. उताराच्या मोजणीत हे बफरसारखं दिसतं, म्हणून सुटून जातं. साठवण्याआधी फॉरमॅट करून नुसता मजकूर ठेवा. रेकॉर्डच ठेवायचा असेल तर त्याची प्रत करा आणि प्रतीतली एक्सेप्शनची माहिती व आर्ग्युमेंट 'नन' करा. मूळ रेकॉर्डला हात लावू नका, पुढच्या हँडलरला तो लागतो.

## ८. पायटेस्टचा सापळा

पायटेस्ट स्वतःचा लॉगिंग प्लगइन घेऊन येतं आणि चाचणी चालू असताना आलेला प्रत्येक रेकॉर्ड जमवतं, तुम्ही कॅपलॉग (चाचणीत लॉग तपासायची पायटेस्टची सोय) मागितलं नसलं तरीही. म्हणजे ४,००० फेऱ्यांची चाचणी ४,००० रेकॉर्ड धरून बसते, आणि उतार अगदी खऱ्या गळतीसारखा दिसतो. यावर किती तास वाया जातात याची गणतीच नाही. गळतीच्या चाचण्या चालवताना उणे-पी पर्यायाने 'नो:लॉगिंग' देऊन तो प्लगइन बंद ठेवा. युनिटटेस्टमधलं असर्टलॉग्जही ब्लॉक संपेपर्यंत रेकॉर्ड साठवतं, तेही फेऱ्यांभोवती गुंडाळू नका.

शंका आलीच तर तीच फेरी पायटेस्टशिवाय साध्या फाइलमधून चालवा. आकडे वेगळे आले तर गळती चाचणीच्या साधनाची आहे.

## ९. उघड्या फाइलीही मोजा

लिनक्सवर प्रॉक-सेल्फ-एफडी फोल्डरमधल्या नोंदी मोजा, किंवा पीएसयूटिलचं नमएफडीज वापरा. विंडोजवर नमहँडल्स. फेऱ्यांनंतर आकडा शून्य रेषेवर परत आला पाहिजे. सोबत पायथन 'उणे-एक्स देव' लावून चालवा, म्हणजे बंद न करता मेलेल्या फाइलींचा रिसोर्सवॉर्निंग दिसतो. ही पायरी दोन मिनिटांची आहे, वगळू नका. मेमरीच्या कितीतरी आधी फाइलींची मर्यादा संपते.

## १०. आरएसएस आणि कंटेनरचा आलेख

मॉनिटरिंगवर दिसतो तो प्रोसेसचा आरएसएस, म्हणजे तिने सध्या प्रत्यक्ष रॅममध्ये घेतलेली जागा. तो चढला आणि उतरला नाही, म्हणजे गळती असं नाही. पायथन छोट्या वस्तूंसाठी मेमरी मोठ्या तुकड्यांत घेतं. हे तुकडे पूर्वी २५६ केबीचे होते, ३.१० पासून १ एमबीचे आहेत. एका तुकड्यात एक जरी वस्तू जिवंत असली तरी तो सिस्टिमला परत जात नाही. चढून स्थिर झालेला आरएसएस ठीक आहे. चढतच राहिलेला तपासा.

कंटेनरमध्ये आणखी एक गोष्ट भर घालते. लॉगची फाइल लिहिली की कर्नल तिची पानं पेज कॅशमध्ये ठेवतं आणि ती सीग्रुपच्या (कंटेनरच्या मेमरीचा हिशोब ठेवणाऱ्या कर्नलच्या गटाच्या) एकूण मेमरीत धरली जातात. लॉग जितका लिहाल तितका आलेख चढेल, आणि पायथनचा त्यात काही संबंध नसेल. सीग्रुपच्या मेमरी-स्टॅट फाइलमध्ये 'अनॉन' आणि 'फाइल' असे वेगळे आकडे असतात. गळती शोधताना अनॉन बघायचा. पण लॉगची फाइल टीएमपीएफएसवर असेल तर ती खरोखरच रॅममध्ये आहे आणि आपणहून जाणार नाही. तिथे रोटेटिंगफाइलहँडलरला मॅक्सबाइट्स आणि बॅकअपकाउंट दोन्ही द्या. दोन्हींतलं एक जरी शून्य राहिलं तरी फाइल फिरतच नाही.

## ११. चाचणी कायमची बसवा, आणि लायब्ररीवरच संशय असेल तर

दुरुस्ती झाल्यावर तीच फेरी रोजच्या चाचण्यांत टाका. २०० फेऱ्या तापवणं, २,००० फेऱ्या मोजणं, आणि तीन अटी: एका फेरीला ब्लॉक ०.१ पेक्षा कमी, लॉगरडिक्टची लांबी तेवढीच, जिवंत हँडलर तेवढेच. शेवटच्या दोन अटी मला जास्त भरवशाच्या वाटतात. त्या पूर्ण संख्या आहेत, त्यांत आवाज नसतो, आणि चाचणी अडली की कारण लगेच कळतं. एमबीवर मर्यादा घालू नका. पायथनची आवृत्ती बदलली की ती चाचणी विनाकारण पडते आणि मग लोक ती बंद करतात.

वरचं सगळं करूनही साखळी तुमच्या कोडपर्यंत येत नसेल, तर लायब्ररी तपासा. पायथनचा सोर्स घ्या, कॉन्फिगरला 'विथ-पायडीबग' पर्याय देऊन बिल्ड करा. मग पायथनचीच टेस्ट यंत्रणा 'आर ३:३' पर्यायासह टेस्ट-लॉगिंगवर चालवा. ती चाचण्या तीनदा तापवते, तीनदा मोजते, आणि प्रत्येक फेरीत रेफरन्स, मेमरी ब्लॉक व फाइल डिस्क्रिप्टर किती वाढले ते छापते. तिन्ही फेऱ्यांत सारखीच वाढ दिसली तर ती खरी समजा. एकाच फेरीत उडी असेल तर पुन्हा चालवा.

तक्रार नोंदवताना पायथनची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, तीस ओळींच्या आत बसणारी स्वतंत्र फाइल, १,०००, २,००० आणि ४,००० फेऱ्यांचे आकडे, आणि ऑब्जग्राफने दिलेली साखळी जोडा. पट्टी, आडत, शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर असलं काहीही त्या फाइलीत राहिलेलं नाही ना, हे पाठवण्याआधी एकदा वाचून बघा.